चार बोटं जास्त

नणंदेनं भावजयीबद्दल चांगलं लिहिलं की लोकांना आधी संशय येतो. येऊ दे. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक माझ्याशी भांडतात. त्यामुळे कोण उगाच भांडतंय आणि कोणाचं खरंच अडलंय, हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. माझी वहिनी उगाच भांडणारी नाही. पण आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण तिनंच केलं, आणि तेही एका सहा वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकच्या मापावरून.

आधी आमचं घर सांगते, नाहीतर भांडण कळायचं नाही. आमच्याकडे कुठलीही वस्तू आज वापरायची नसते. सोफ्यावर दुकानातलं प्लॅस्टिक अजून तसंच आहे. उन्हाळ्यात उठताना पोटऱ्या त्याला चिकटतात आणि उठणाऱ्याची अब्रू जाईल असा आवाज होतो. चांगले कप पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की आई म्हणते, ‘घरचेच तर आहेत,’ आणि रोजचे काढते. मग ते चांगले कप नेमके कुणाचे, हा प्रश्न मी लहानपणी विचारला तर धपाटा मिळाला. साबण संपत आला की त्याचा पापुद्रा नव्या वडीला चिकटवायचा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आमची आई आयुष्यभर दातच कोरत आली. बाबा गेले तेव्हा त्यांच्या कपाटातून घडी न मोडलेले शर्ट निघाले, कॉलरच्या टाचण्यांसकट. मला त्या दिवशी रडू येण्याआधी राग आला होता. कुणावर ते कळलं नाही, म्हणून तो तसाच राहिला.

या घरात मुलांच्या कपड्यांचा एकच कायदा होता: चार बोटं जास्त. आई शिवायला बसली की मूल समोर उभं करायची, खांद्यावर चार बोटं ठेवायची, मनगटाखाली चार, गुडघ्याखाली चार, आणि तेवढं वाढवून कापायची. ‘वाढतं अंग आहे,’ हे त्यामागचं कारण. खालची दुमड आत मोठी ठेवायची आणि दरवर्षी थोडी थोडी उसवायची. उसवलेल्या जागी जुन्या घडीची पांढरट रेघ राहते, ती काही केल्या जात नाही. माझ्या शाळेच्या स्कर्टवर अशा इतक्या रेघा होत्या की वर्गातल्या मुली त्यांना रूळ म्हणायच्या आणि मागून शिट्टी वाजवायच्या. कपडा पहिल्या वर्षी ढगळ, दुसऱ्या वर्षी विटलेला. बेताचा बसला तो मधल्या सुट्टीपुरता.

अशा घरात वहिनी आली. पडदे आणि गाद्यांचे अभ्रे शिवणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत ती मशीन चालवायची, अजूनही चालवते. लांबच लांब पडद्यांना खालून हेम घालायचं, म्हणजे कड दुमडून शिवायची, हे तिचं काम. कुणाच्या घरी गेली की ती माणसांआधी खिडक्या बघते. आमच्या घरी बघायला आली तेव्हा चहा घेता घेता म्हणाली, ‘तुमचा उजवा पडदा बोटभर आखूड आहे.’ आईला तो अपशकुन वाटला. मला ती तिथंच आवडली.

ती आली ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन. दादानं ती उचलली आणि कमरेला हात लावून म्हणाला, ‘दगड भरलेत का?’ दगड नव्हते, कापड होतं. ताग्याच्या शेवटी उरलेले तुकडे, रंग चुकला म्हणून गिऱ्हाइकानं न नेलेलं अस्तर, उन्हानं एका कडेला उडालेली फुलाफुलांची छीट, दुकानाच्या काचेत वर्षभर टांगून मग मालकानं काढून टाकलेला मखमलीचा पट्टा. सगळं मालकाला विचारून आणलेलं. ट्रंक पुरेना तेव्हा तिनं उशांमध्ये भरलं. आमच्या घरात काही दिवस सगळ्यांच्या माना आखडायच्या, आणि कारण कुणाला कळत नव्हतं. एकदा माझी उशी उसवली आणि आतून हिरव्या रंगाचं सुती कापड बाहेर आलं. वहिनी म्हणाली, ‘तेवढं मऊ दिलं होतं मी तुला. तुझ्या दादाच्या उशीत कॅनव्हास आहे.’

साठवण्याच्या बाबतीत आईला वाटलं की सून आपल्या वळणाची मिळाली. तिथं ती फसली. आई न वापरण्यासाठी साठवायची. वहिनी कोणाची तरी वाट बघत साठवत होती.

ती कोणी म्हणजे भिंगरी. माझी भाची. नाव वेगळं आहे, पण चालायला लागल्यापासून ती सरळ चाललीच नाही, गिरक्या घेतच या खोलीतून त्या खोलीत जायची, म्हणून भिंगरी. तिच्यासाठी वहिनीनं पहिला फ्रॉक शिवला तो छिटेचा. माप घ्यायची तिची पद्धत मी आधी कुठं पाहिली नव्हती. पोरीला उभी करून फीत लावली, मग म्हणाली, हात वर कर. मग, खाली बस. मग, उडी मार. दर वेळी फीत वेगळी धरायची आणि खडूनं कापडावर खूण करायची. मी म्हटलं, ‘सर्कशीत घालायचीय का हिला?’ तर म्हणाली, ‘उभीचं माप घेतलं तर फ्रॉक फक्त उभं राहायच्या कामाचा होतो.’ शिवणीत लागते तेवढीच माया ठेवली, खाली साधी दुमड, आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं.

आईनं तो फ्रॉक उलटा करून पाहिला. आतली दुमड बोटांनी चाचपली. मग पुन्हा चाचपली, जणू काही कुठं लपवलीय.

‘चार बोटं कुठायत?’

‘नाही ठेवली, आई.’

‘पुढच्या वर्षी काय घालणार ती?’

‘दुसरा शिवीन.’

‘आणि हा?’

‘हा जुना झालेला असेल. घालून घालून.’

आईनं असं उत्तर जन्मात ऐकलं नव्हतं. ती आत गेली आणि दोन दिवस माझ्यामार्फत बोलली. ‘तुझ्या वहिनीला सांग, दूध उतू जातंय.’ वहिनी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. मी निरोप्याचं काम केलं, कारण कचेरीतही तेच करते आणि इथं निदान चहा मिळतो.

त्यानंतर फ्रॉकांची रांग लागली. अस्तराच्या कापडाचा एक, त्याला मखमलीची कंबरपट्टी. उशीतल्या हिरव्याचा एक, दोन खिसे असलेला, कारण भिंगरीला दगड गोळा करायचा नाद. प्रत्येक फ्रॉक तिच्या अंगाला असा बसायचा की ती त्यात दिसायची. आणि प्रत्येक फ्रॉकला आईचं तेच वाक्य: ‘वाढतं अंग आहे.’ वहिनी ऐकून घ्यायची आणि पुढचा कापायची. भांड्याला भांडं लागतंच म्हणतात. आमच्याकडे कात्रीला बोटं लागत होती.

मी एकदा तिला विचारलं, एवढा हट्ट कशाला? दोन बोटं ठेवलीस तर काय बिघडतंय? तेव्हा तिनं सांगितलं. ती बहिणींत तिसरी. तिच्या अंगावर आलेला प्रत्येक फ्रॉक आधी दोघींनी घातलेला, आणि तोही पहिल्या दिवसापासून ढगळ. एकदा कुणाच्या तरी लग्नात तिला असाच एक घातला. गळा एवढा मोठा की एका खांद्यावरून घसरायचा. तो वर केला की दुसऱ्या खांद्यावरून. बाकीची पोरं मांडवभर पळत होती आणि ही भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांनी गळा धरून, दिवसभर उभी. जेवायलासुद्धा गेली नाही, कारण जेवायला हात सोडावे लागले असते. संध्याकाळी सगळ्यांनी कौतुक केलं: किती शहाणी मुलगी, एका जागी उभी होती.

‘माझी पोर शहाणी नाही झाली तरी चालेल मला,’ वहिनी म्हणाली. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, आणि तो तसा ताजाच होता.

मग मावशीकडचं लग्न आलं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिचं बरं चाललंय. बरं म्हणजे आमच्यापेक्षा खूपच बरं. तिच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं, आणि आमंत्रणाबरोबर एक पिशवी आली. पिशवीत फ्रॉक. गुलाबी, जाळीचा, बाह्यांवर फुगे, पाठीवर हाताएवढी बो. मावशीच्या नातीला आखूड झाला होता. ती नात नऊ वर्षांची, अंगानं दणकट. आमच्या भिंगरीला तो घातला तेव्हा नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. फ्रॉक उभा राहिला आणि आत कुठंतरी भिंगरी होती.

आईचा चेहरा फुलला. ‘बघ, अजून तीन वर्षं जाईल. खांद्याला पिना मारू, कमरेला पट्टा बांधू.’

भिंगरीनं सवयीनं गिरकी घेतली. जाळी पायात आली आणि ती सोफ्यावर आपटली. उठून तिनं आजीला विचारलं, ‘मी यात पळू नको का?’

‘लग्नात पळतात का? शहाण्यासारखं एका जागी उभं राहायचं.’

वहिनी मटार... नाही, काही निवडत नव्हती ती, पडद्याच्या कड्या मोजत होती. पण मोजायची थांबली. एवढंच झालं. मग तिनं भिंगरीला जवळ घेतलं, पाठीवरची बो सोडली आणि फ्रॉक तिच्या अंगातून काढला.

‘आई, हा ती घालणार नाही.’

‘का?’

‘त्याच घरात, त्याच लोकांसमोर, त्यांचाच उतरलेला फ्रॉक? ती नात तिथंच असेल. सगळ्यांसमोर म्हणेल, हा माझा.’

‘लहान पोरं काहीही म्हणतात. माझ्या बहिणीनं प्रेमानं पाठवलाय. नाही घातला तर तिचा अपमान.’

‘आणि घातला तर हिचा.’

‘सहा वर्षांच्या पोरीला कसला गं मान-अपमान?’

‘मला होता,’ वहिनी म्हणाली.

आई उठली. आमच्या घरातलं शिलाई मशीन आईचं, लाकडी झाकणाचं. तिनं झाकण बसवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. ‘मशीन माझं आहे,’ एवढंच म्हणाली. वहिनीनं म्हटलं, ‘बरं.’ आईला ‘बरं’ ऐकायची सवय होती. पण हे ‘बरं’ निराळं होतं. माझ्या खिडकीवर जेव्हा एखादा माणूस ओरडणं थांबवून ‘बरं’ म्हणतो, तेव्हा मी साहेबांना बोलावते.

दादा रात्रीच्या जेवणापर्यंत मूग गिळून होता. मग त्यानं तोंड उघडलं, आणि उघडायला नको होतं. ‘एका दिवसाचा तर प्रश्न आहे. घालू दे ना गुलाबी.’ वहिनीनं त्याच्या ताटात भात वाढला. सकाळी दादा आंघोळ करून आला तर खुर्चीवर त्याचे कपडे काढून ठेवलेले, आणि शर्ट बाबांचा. बाबा दादाच्या दीडपट होते. दादानं हात घातले तर बाह्या बोटांच्या खाली लोंबायला लागल्या.

‘हे काय?’

‘चांगला आहे,’ वहिनी म्हणाली. ‘एका दिवसाचा तर प्रश्न आहे. पिना मारू का?’

माझा चहा नाकातून बाहेर आला. आईनंसुद्धा तोंड फिरवलं, आणि तिचे खांदे हलताना मी पाहिले, पण ते तिला विचारायची माझी हिंमत नाही. दादानं निमूटपणे आपला शर्ट घातला आणि लग्न होईपर्यंत त्या विषयात पडला नाही.

त्याच संध्याकाळी वहिनीनं ट्रंक बाहेरच्या खोलीत ओढत आणली. आतल्या खोलीत नाही, बाहेर. जिथं आई तिच्या खुर्चीत बसते, बरोबर तिच्यासमोर. एक एक कापड काढून बाजूला ठेवत ती तळाशी गेली. तळाला जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक कापड होतं. ते मीही कधी पाहिलं नव्हतं.

रेशीम होतं. डाळिंबी रंगाचं, गर्द, उजेडात धरलं की आतून पेटल्यासारखं. ‘माझ्या पहिल्या पगाराचं आहे,’ वहिनी म्हणाली. लग्नाआधी घेतलेलं, स्वतःसाठी. तेव्हा कात्री लावायला घेतली, तर वाटलं, एवढं चांगलं कापड, तसंच काही कारण आलं की शिवू. मग लग्नात दुसरे कपडे झाले. मग वाटलं, मुलगी झाली तर तिला मोठेपणी होईल. आईला जिनं ऐकवलं की कपडा घालून घालून जुना झाला पाहिजे, तिच्या ट्रंकेच्या तळाशी हे होतं. जित्याची खोड आमच्याच घरात असते असं मला वाटायचं. ती लग्न होऊन येणाऱ्यांच्याही ट्रंकेत असते.

वहिनीनं ते उघडून झटकलं. आवाज झाला तो मला अजून आठवतो, वाळलेलं पान पायाखाली यावं तसा. कापड घडीवर फाटलं. एका घडीवर नाही, सगळ्या घड्यांवर. जिथं जिथं दुमडलं होतं तिथं तिथं ते इतकी वर्षं आतल्या आत कुजत गेलं होतं. तिच्या हातात रेशमाचे लांबट तुकडे राहिले, आणि बाकीचे पायाशी पडले.

भिंगरी दाराशी उभी होती, तिलाही कळलं की आता गिरकी नको. वहिनी खाली बसली आणि तुकडे मांडीवर घेतले. लग्न होऊन आल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. आवाज न करता, पडदा शिवताना असते तशी पाठ ताठ ठेवून ती रडली. ‘माझ्यासाठी शिवायचं होतं,’ एवढंच एकदा म्हणाली.

आता आई बोलणार, असं मला वाटलं. तिची वेळ होती. जन्मात अशी संधी परत आली नसती. मी मनातल्या मनात आईला सांगत होते, गप्प बस, एवढ्या वेळी गप्प बस.

‘घडी बदलायची असते,’ आई म्हणाली. ‘दर मोसमाला. एकाच घडीवर ठेवलं की तिथंच मरतं.’

मग ती खुर्चीतून उठली, गुडघ्याला हात देत जमिनीवर बसली आणि एक तुकडा उचलला. दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूच ताणला, आधी उभा, मग आडवा. कानाशी नेला. बाजूला ठेवला. दुसरा घेतला. तो ताणल्याबरोबर चिरकला, तो तिनं मागं टाकला. आयुष्यभर साठवलेलं कापड तपासत आलेली बाई. कुठलं जगलंय आणि कुठलं गेलंय हे तिला बोटांना कळत होतं. थोड्या वेळानं तिच्यासमोर दोन ढीग झाले. धड तुकड्यांचा ढीग लहान होता.

वहिनीनं डोळे पुसले आणि ते तुकडे जमिनीवर जोडून मांडले. भिंगरीला बोलावून मध्ये झोपवलं, तिच्या भोवती तुकडे फिरवले. गळ्याला एक, पाठीला दोन, घेराला बाकीचे उभे.

‘हिच्यापुरतं होतंय,’ ती म्हणाली.

‘तरी खाली चार बोटं—’

‘आई, चार बोटं सोडायला कापड कुठंय? एक बोटसुद्धा नाही. ती आज आहे तेवढीच निघतेय यातून. पुढच्या महिन्यात ती वाढली तर हेसुद्धा नाही निघणार.’

आईनं तुकड्यांकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं. मग उठता उठता म्हणाली, ‘मशीनवर घालू नकोस. सुई भोसकेल आणि सगळं उकलेल. हातानं शीव.’

किल्ली कमरेलाच होती. मशीन कुलपातच राहिलं. म्हणजे आईनं हारही मानली नाही आणि वहिनीनं मागितलंही नाही, आणि काम मात्र सुरू झालं. आमच्या घरात तह असेच होतात.

दुकानातून आली की वहिनी हातपाय धुऊन बाहेरच्या खोलीत बसायची आणि शिवायची. बारीक टाके, प्रत्येक शिवणीखाली जुन्या चादरीच्या मऊ कापडाची पट्टी, म्हणजे रेशमावर ताण येऊ नये. शेजारणी डोकावून जायच्या. ‘अगं, गुलाबी आलाय ना तयार?’ ‘आलाय,’ वहिनी मान वर न करता म्हणायची. ‘एवढे डोळे फोडून किती दिवस टिकणार हा?’ ‘एक दिवस,’ ती म्हणायची. ‘एका दिवसासाठीच शिवतेय.’ शेजारणी आईकडे बघायच्या, की आता तरी ही सुनेला काही बोलेल. आई खिडकीबाहेर बघायची.

लग्नाच्या सकाळी भिंगरीला तो घातला. मी काय सांगू. गळा गळ्याशी होता, कंबर कमरेशी, घेर गुडघ्याशी. बस्स. एवढंच असतं चांगल्या कपड्यात, पण आमच्या घरानं ते कधी पाहिलं नव्हतं. तुकडे जोडले होते ते कळत होतं, वहिनीनं लपवायचा प्रयत्नही केला नव्हता. जोड सरळ खाली उतरत होते आणि रंग त्यांच्यामध्ये कमीजास्त पेटत होता.

‘सांभाळून बस,’ मी भिंगरीला सांगायला गेले. वहिनी म्हणाली, ‘वन्सं, तिला काही सांगू नका.’ वन्सं ती मला फक्त रागात म्हणते. मी मागं सरले.

गाडीत आईच्या मांडीवर एक पिशवी होती. मला वाटलं, शाल असेल.

हॉल मोठा होता, दिव्यांनी भरलेला, फरशी नुसती गुळगुळीत. भिंगरीची नजर त्या फरशीवर गेली आणि तिथंच राहिली. मावशी पुढं आली, आईला मिठी मारली, वहिनीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. भोवती सगळे नातेवाईक. मावशीला एक विनोद आहे, तो ती प्रत्येक कार्यात करते. तो तिनं केलाच.

‘लहानपणी मी हिचे उतरलेले घालायचे,’ ती सगळ्यांना म्हणाली. ‘आता आमच्याकडचे उतरलेले हिच्याकडे जातात. फिटंफाट.’

सगळे हसले. आईही दर वेळी हसते. तिला दुसरं काही सुचायचं नाही म्हणून हसायची, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण त्या दिवशी ती हसली नाही.

मावशीनं भिंगरीची हनुवटी धरली. ‘अगं, पण हे काय घातलंय? किती तुकडे गं हे. ताई, तो गुलाबी नाही घातला हिला?’

भिंगरीनं आपल्या फ्रॉककडे पाहिलं. आतापर्यंत तिनं त्यातले तुकडे मोजले नव्हते. वहिनीनं तोंड उघडलं. मला माहीत होतं ती काय बोलणार ते, आणि ते बोलल्यावर आम्हाला जेवायला थांबता आलं नसतं.

पण आई मध्ये आली. तिनं पिशवी पुढं केली. आत तो गुलाबी फ्रॉक, इस्त्री करून, नीट घडी घालून.

‘हा ठेव. आमच्या पोरीला मोठा होतो.’

मावशी हसली. ‘मोठाच बरा ना, ताई. वाढतं अंग आहे.’

क्षणभर मला वाटलं, संपलं. ते वाक्य आईचंच होतं. कदाचित मावशीनं ते तिच्याकडूनच उचललं असेल, एकाच घरात वाढलेल्या दोघी. आई थांबली.

‘वाढेल तेव्हा दुसरा शिवू,’ आई म्हणाली. ‘आज ती एवढीच आहे.’

मावशी काहीतरी म्हणाली, पण आईनं ते ऐकायचं थांबवलं होतं. ती भिंगरीकडे वळली. पोर अजून स्वतःच्या जोडांकडे बघत होती, दोन्ही हात फ्रॉकच्या बाजूंना घट्ट धरलेले. आईनं वाकून तिचे हात एक एक करून सोडवले.

‘जा, पळ. घे किती घ्यायच्यात तेवढ्या गिरक्या.’

‘आजी, फाटेल.’

‘फाटू दे.’

आणि भिंगरी पळाली.